प्रॉसरची खोकी आणि बिशानचा फ्लॅट

मी, प्रबोध रणपिसे, निवृत्त इंजिनिअर, राहणार बिशान, सिंगापूर, त्रिशरण म्हणून, गुडघे सोडल्यास बाकी ठणठणीत असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा पत्नी नंदा हिला. उरलेला अर्धा तिचाच आहे. चिरंजीव उज्ज्वल यांचा बेत असा, की माझ्यामागे फ्लॅट विकावा आणि आईला आपल्या कॉन्डोत न्यावे. तिथे तिची जागा कुठे, तर स्वयंपाकघरामागची हेल्परची, म्हणजे मोलकरणीची खोली. खिडकी नाही. मी विचारले तर हे रत्न इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "ओके व्हॉट, बाबा. स्लीप ओन्ली लाह."

२. मेहुणे मनोहर, पासिर रिस, यांना माझा चष्मा. वीस वर्षे मी आयडवाल प्रॉसर या वेल्सच्या फुटबॉल बचावपटूची कारकीर्द धुंडाळतो आहे. खाणीतून आलेला हा गडी १९०३ ते १९११ खेळला. त्या काळी गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळायची मुभा होती. एकदा त्याचा कीपर असाच मध्यरेषेपर्यंत फिरायला गेला. प्रॉसरने सवयीने, न बघता, चेंडू मागे दिला आणि तो स्वतःच्याच रिकाम्या गोलात गेला. दर बुद्धजयंतीला खीर ओरपत मनोहर एवढेच सांगतात. पुढच्या शनिवारी, सगळे मैदान शिव्या घालत असताना, तोच प्रॉसर त्याच जागी उभा राहिला आणि एकालाही आत जाऊ दिले नाही. हे मनोहरांना कधी दिसले नाही, म्हणून चष्मा. नंबर जुळला नाही तरी चालेल.

३. अंत्यविधीला वंदना घ्यावी. मनोहरांनी भाषण करू नये.

४. प्रॉसरची कात्रणे, फोटो आणि माझे अपुरे पुस्तक, अशी सगळी खोकी नंदाला, असे मी लिहिले होते. तिला वाचून दाखवले. म्हणाली, "अहो, जन्मभर त्याची धूळ मीच झाडली. आता ही खोक्यांची खोली मला शिलाई मशीनला हवी. न्या त्याला कुठेही."

मला वाईट वाटले. पण बाई खरे तेच बोलली.

सबब दुरुस्ती: बँकेतली शिल्लक उज्ज्वलला, आणि खोकीही त्यालाच. ती त्याच्या कॉन्डोतल्या त्या हेल्परच्या खोलीत, जमिनीपासून छतापर्यंत रचून, नंदा हयात असेपर्यंत ठेवावीत. एक जरी हलले, तर शिल्लक विहाराला जाईल. आत माणूस झोपवायला जागा उरता कामा नये. वाट अडवणे हेच प्रॉसरचे काम होते, ते तो करील.

अंमलबजावणी नंदाने करावी. तिच्यापुढे कोणाचे चालत नाही.

सही: प्रबोध रणपिसे
आम्हा दोघांच्या देखत सही झाली. आम्हाला यातले काही मिळायचे नाही.
साक्षीदार: श्रीनिवास वाघधरे, हर्षा मेश्राम
बिशान, सिंगापूर, १९ ऑगस्ट २००६