दाराजवळची बारावी खुर्ची

पूज्य मंदाआत्या,

तुझ्या पाया पडते. येशूची शांती तुझ्या घरात, तुझ्या चुलीपाशी आणि मुख्य म्हणजे तुझ्या उजव्या गुडघ्यात नांदो. मागे तू म्हणाली होतीस की तेल लावलं की गुडघा बरा वाटतो आणि पुसलं की दुखतो. तर मग पुसू नकोस. वैतरण्याला खाडीचा वारा तरी असेल. इथे बोईसरला वारा सुटला की कारखान्यांचा वास आधी येतो आणि गारवा मागाहून, आला तर. आई बरी आहे. बाबाची तब्येत बरी आहे, स्वभाव होता तसाच आहे. मी पदवीधर झाल्यापासून घरात माझं कोणी ऐकत नाही, आणि चर्चमध्ये सगळे ऐकून घेतात आणि मग स्वतःला हवं तेच करतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू “हां, हां, बरं हाय” एवढं बोलून फोन तेजलवहिनीकडे देतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते “बरं हाय” मध्ये मावणारं नाही. तेजलवहिनी, तू हे आत्याला सावकाश वाचून दाखव. (सासूला वाचून दाखवताना तू मधली वाक्यं गाळतेस अशी तक्रार माझ्यापर्यंत आली आहे. या वेळी गाळू नकोस.)

पुढच्या आठवड्यात पवित्र गुरुवार आहे. त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात हे तुला काय सांगायचं. आमचे फादर सांतान तरुणपणी तुमच्याकडच्या चर्चमध्ये होते तेव्हा त्यांचा स्वयंपाक तूच करायचीस आणि त्यांच्या पंचाला नीळही तूच घालायचीस. तरी मला ती गोष्ट पुन्हा लिहावीशी वाटते. येशूला ठाऊक होतं की ही आपली शेवटची रात्र. अशा वेळी माणूस काय करेल? वकील गाठेल, नातेवाइकांना फोन करेल, निदान चिडेल तरी. त्याने कमरेला पंचा बांधला, घंगाळात पाणी घेतलं आणि दिवसभर धूळ तुडवून आलेल्या आपल्या बारा शिष्यांच्या पायांशी बसला. आधी टाचा, उपदेश नंतर. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत बसून रडले होते. (लायब्ररियन सरांना वाटलं मी नापास झाले.) देव असा वाकतो हे ज्याला एकदा कळलं, त्याला पुन्हा कोणापुढे छाती काढून चालता येणार नाही, असं मला मनापासून वाटायचं. मग मला आमच्या चर्चच्या उपासना समितीत घेतलं.

समितीचे अध्यक्ष पास्कोल अंकल. त्यांचं घराणं मूळ वसईचं, हे ते “गुड मॉर्निंग”च्या आधी सांगतात. बारा खुर्च्या वेदीसमोर एका रांगेत मांडल्या जातात. त्यातली पहिली, बरोबर पंख्याखालची, ती पेत्राची, म्हणजे शिष्यांतल्या पहिल्याची, असं मानतात, आणि तिच्यावर पास्कोल अंकल कैक वर्षं बसत आले आहेत. त्यांना कोणी नेमलं ते मी विचारलं होतं. उत्तरादाखल मला भजी मिळाली. पेत्र सुरुवातीला पाय धुऊन घ्यायला तयार नव्हता, म्हणून फादर पायाला हात लावणार इतक्यात अंकल पाय मागे घेतात, डोळे मिटतात, एक उसासा टाकतात आणि मग जगावर उपकार केल्यासारखा पाय पुढे करतात. त्यांच्या मिसेस फिलूआंटी दर वर्षी तेवढ्याचाच व्हिडिओ काढतात. मागच्या वर्षी उसासा नीट आला नाही म्हणून त्या अंकलना मिस्सेची उपासना चालू असतानाच खुणा करत होत्या.

फादर पहिल्या खुर्चीपासून सुरू करतात आणि दाराजवळच्या बाराव्या खुर्चीशी संपवतात. गोम इथेच आहे. ती बारावी खुर्ची जुदासची, म्हणजे चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणाऱ्याची, असं आमच्या लोकांनी ठरवून टाकलं आहे. असं कुठे लिहिलेलं नाही, कोणा फादरांनी कधी सांगितलेलं नाही. पण आमच्याकडे जे कोणीच सांगितलेलं नसतं ते सगळ्यात कडक पाळलं जातं. अकरा खुर्च्यांसाठी दोन महिने आधीपासून रुसवेफुगवे, आणि बारावीकडे कोणी बघायला तयार नाही. मग ऐन वेळी दारात चपला काढत असलेला कोणी नवखा माणूस धरून आणतात. गेल्या वर्षी झारखंडहून आलेला एक कामगार होता. त्याला “भैया, इधर जगह है, आ जाओ” असं इतक्या मायेने बोलावलं की बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या आदल्या वर्षी तुझा भाऊ होता.

हे बाबाने तुला सांगितलेलं नसणार. त्या दिवशी तो चिकूवाडीतलं काम उरकून थेट चर्चला आला होता. त्याला वाटलं, आज आपल्याला मान मिळतो आहे. बाराव्यापर्यंत पाणी गार झालेलं, पंचा भिजून चिंब, त्याचा पाय ओलाच राहिला, तरी तो खूश होता. मिस्सा सुटल्यावर अंगणात पास्कोल अंकल सगळ्यांदेखत म्हणाले, “काय जुदास, चांदीची तीस नाणी कुठं पुरलीस, चिकूच्या झाडाखाली काय?” सगळे हसले. बाबाही हसला, कारण त्याला कळलं नाही. घरी आल्यावर त्याने मला अर्थ विचारला, आणि मी समजावून सांगितला, सविस्तर, अध्याय आणि ओवी धरून. (शिक्षणाचा हा एक तोटा आहे.) पुढे त्याचं तेच नाव पडलं. चर्चची शिडी सापडेना तेव्हा “जुदासला विचारा”, दानपेटीचं कुलूप अडकलं तेव्हा “जुदासला बोलवा”. तेव्हापासून बाबा रविवारी आईला मोटारसायकलवर आणून सोडतो आणि मिस्सा होईपर्यंत बाहेर चिंचेखाली गाडीवर बसून राहतो. आत येत नाही. मी पुष्कळ सांगून पाहिलं. आई म्हणते, “रावदे गं. बाहेर बी ऐकू येतं, माइक हाय ना.”

म्हणून या वर्षी समितीच्या सभेत मी बोलायला लागले. (उभी कधी राहिले ते माझं मलाच कळलं नाही.) मी म्हटलं, येशूने जुदासचेही पाय धुतले. तो काय करणार आहे हे ठाऊक असून धुतले, आणि त्याच्या वेळी पाणी काही गार करून घेतलं नाही. तेव्हा बारावी खुर्ची खरंच जुदासची असेल तर तिच्याकडेच सगळ्यात जास्त प्रेमाने बघायला हवं.  मला वाटलं, शब्द काळजात उतरला. मग पास्कोल अंकल म्हणाले, “धुतले ना? मग त्याचा काय उपयोग झाला, बेबी?” आणि सगळ्यांनी चहा घेतला.

फादर सांतान भांडण टाळण्यासाठी काहीही करतील. त्यांनी बारा जण निवडण्याचं काम माझ्यावरच सोपवलं, वर या वर्षी निम्म्या बायका घ्यायलाही होकार दिला. मी आठवडाभर हवेत होते. मी खुर्च्या गोलात मांडून पाहिल्या, कारण वर्तुळाला शेवट नसतो असं मला शाळेत शिकवलं होतं. पास्कोल अंकलनी फादरांच्या समोरच्या खुर्चीवर रुमाल टाकला, ते कुठून कुठे फिरणार हे बोटाने दाखवलं, आणि अंकलच्या डावीकडची, म्हणजे शेवटी येणारी खुर्ची बघता बघता ओस पडली. खुर्च्या पुन्हा रांगेत आल्या. मग मी चिठ्ठ्या टाकल्या. बारावी चिठ्ठी ज्यांना निघाली त्या काकांना आठवलं की त्याच दिवशी त्यांना घिवलीला एका लग्नाला जायचं आहे. पवित्र गुरुवारी आपल्यातला माणूस कोणाच्या लग्नाला जातो, असं मी विचारलं, तर म्हणाले, “हिंदूंचं आहे, त्यांना काय माहीत.” दुसरी बारावी चिठ्ठी एका आंटींना निघाली, त्यांच्या पायाला तिथल्या तिथे खरूज उठली. पहिल्या पाचांत जागा असेल तर खरूज चालवून घेता येईल, असंही त्या म्हणाल्या. फिलूआंटींना योहानाची जागा हवी होती, कारण तो येशूचा लाडका होता आणि तिथून कॅमेऱ्यात चेहरा सरळ येतो; पण मग अंकलचा व्हिडिओ कोण काढणार, म्हणून ती त्यांनी सोडली.

पायांचं तर विचारूच नकोस. माझी कॉलेजातली मैत्रीण वैभवी स्टेशनजवळ ब्यूटी पार्लर चालवते. परवा रस्त्यात भेटली आणि म्हणाली, “दीपे, तुमच्या चर्चमध्ये कोणाचं लग्न हाय काय गं? या आठवड्यात तुमचे लोक नुसते पाय घेऊन येतात, तोंड कोणी आणतच नाय.” मी तिला विधी समजावून सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे धुवायला द्यायच्या आधी धुऊन घेतात? आमच्याकडे कामवाली यायच्या आधी माझी सासू भांडी घासते, तसं?”  येशूचे शिष्य होड्या आणि जाळी टाकून आले होते. आमचे शिष्य टाचा घासून, नखं कापून, क्रीम लावून येतात आणि जमिनीवर पाय टेकावा लागू नये म्हणून गाडी दारापर्यंत आणतात. असल्या पायांवर फादरांनी पाणी ओतायचं म्हणजे धुतलेल्या तांदळावर पुन्हा पाणी ओतण्यासारखं आहे, आणि त्या तांदळाचा निदान भात तरी होतो.

रविवारी रंगीत तालीम झाली. (शेवटच्या भोजनाची तालीम घ्यावी असं येशूला सुचलं नाही, हा त्याच्या कार्यातला मोठाच दोष समितीने भरून काढला आहे.) फादरांची कंबर धरते म्हणून पास्कोल अंकलनी सुचवलं की बाराही खुर्च्या उंच फळ्यांवर ठेवाव्यात, म्हणजे फादरांना वाकावं लागणार नाही. मी म्हटलं, अंकल, वाकणं हाच विधी आहे, बाकी नुसतं पाणी आहे. अंकल म्हणाले, “तू थिअरी बघ, प्रॅक्टिकल आम्ही बघतो.” फळ्या आल्या. आता आमचे शिष्य लोकांच्या डोक्यांच्या वर बसणार आहेत, आणि प्रभूच्या जागी असलेले फादर खालून हात वर करून त्यांच्या पायांपर्यंत पोचणार आहेत. तालमीत अकरा खुर्च्या भरल्या. बाराव्या खुर्चीवर एका आंटींनी पर्स ठेवली होती. तीही निघताना त्यांनी झटकून घेतली.

तर असं आहे, आत्या. मी आता या सगळ्यावरून मन काढून घेतलं आहे. बारावी खुर्ची रिकामी आहे, तिथे कोण बसतं आणि कोण नाही याच्याशी मला काहीही कर्तव्य नाही. येशूला या लोकांनी खुर्च्यांमध्ये मोजलं, मी त्याला तसं मोजणार नाही. तू माझ्यासाठी प्रार्थना कर की मला क्षमा करता यावी, विशेषतः अध्यक्षांना.

वहिनीला आणि मुलांना गोड पापा. गुडघा पुसू नकोस.

तुझी भाची,
दीपिका

ता. क. – वहिनी, इथून पुढचं हळू आवाजात वाच आणि मुलांना बाहेर पाठव. आत्या, बारावी खुर्ची रिकामी आहे असं मी वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. काल मी धीर करून बाबालाच विचारलं. वाटलं होतं चिडेल. तो खूप वेळ कोयत्याला धार लावत राहिला आणि म्हणाला, “मंदा येल काय?” मी म्हटलं, येईल. “मंग येन मी. पन दाराजवळ बसन. कोन काय बोलला तर उठून जाता येल.” मी त्याला सांगितलं की दाराजवळची म्हणजे तीच, जुदासची. तर म्हणतो, “प्लास्टिकचीच हाय ना?” तेव्हा तुला यावंच लागेल. स्टेशनवरून रिक्षा करू. तो आत यायला तयार आहे, आत्या. पण या वेळी कोणी हसलं तर तो पुन्हा चिंचेखाली सुद्धा यायचा नाही.

दुसरा ता. क. – खरं काम हे आहे. फादर सांतान माझं ऐकून घेतात, पण तुझं ऐकतात. इतकी वर्षं तू त्यांना जेवू घातलंस, अजून तुझ्या सुक्या बोंबलाच्या चटणीचं नाव काढतात. तू त्यांना फोन कर (इथे मात्र फोनच) आणि एवढंच सांग, की या वर्षी पाय धुवायला दाराकडून सुरुवात करा. कारण विचारलं तर म्हण, तिथे माझा भाऊ आहे, त्याला गरम पाणी आणि कोरडा पंचा मिळू दे. ते नाही म्हणणार नाहीत. बाबाला यातलं काही सांगू नकोस, आणि माझं नाव कुठेच घेऊ नकोस.

तिसरा ता. क. – दाराकडून सुरुवात झाली तर शेवटी बारावा कोण येतो, हे मी मोजलेलं नाही असंच समज. पास्कोल अंकलना आधी कुणकुणसुद्धा लागता कामा नये. मी त्या संध्याकाळी पुढच्या बाकावर फिलूआंटींच्या शेजारी जागा धरली आहे, त्यांचा हात हलला तर व्हिडिओ काढायला कोणीतरी हवं. हे येशूच्या शिकवणीत बसत नाही, मला कळतं. पापनिवेदन मी ईस्टर झाल्यावर करीन. आधी केलं तर फादरांना बेत कळेल.