आठशे चाळीस आंदोलने

पनवेल, मंगळवार

तीर्थस्वरूप दीनानाथ भाऊजी यांस,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे रमाचा, वाकून नमस्कार. राग तुमच्यावर नाही, त्यामुळे नमस्कार पूर्ण आहे. सुमतीताईंनाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? श्रीवर्धनची हवा मानवली असेल. इथली हवा तुम्हाला ठाऊकच आहे. पुलाची कामं चालू आहेत, आणि फळा पुसायच्या आधीच त्यावर धूळ बसलेली असते. तुमचे धाकटे बंधू मजेत आहेत. ते नेहमीच मजेत असतात, कारण मी घरात काय बोलते ते त्यांना ऐकू येत नाही. तुम्हाला फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून दोन मिनिटांत ठेवता आणि मला नीट रागवायला सलग तासभर लागतो. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बसा.

तुम्ही तीस वर्षं शाळेच्या ज्या प्रयोगशाळेत घालवलीत आणि निवृत्त होताना जी माझ्या हवाली केलीत, ती खोली आता काढून घ्यायचं चाललं आहे. संस्थेचे नवे चिटणीस उदयसिंह (वय चाळीस, शिक्षण इंग्रजी माध्यमात, शाळेत येतात तेव्हा गाडी थेट खो-खोच्या मैदानावर उभी करतात) यांच्या डोक्यात असं आलं आहे की गणित आणि विज्ञान यापुढे पडद्यावर शिकवायचं. एका कंपनीने टॅब दिले आहेत, त्यात सतरा खेळ आहेत. लोलक टॅबमध्ये, चुंबक टॅबमध्ये, अपूर्णांक टॅबमध्ये. मग टेबलं, नळ, बर्नर हवेत कशाला? ती खोली रिकामी करा, गालिचा टाका, थंड हवेचं यंत्र बसवा आणि दारावर 'डिजिटल कक्ष' लिहा. मात्र त्याआधी कोणीतरी हे खेळ तपासून अहवाल द्यायला हवा, असा नियम निघाला. तपासायला कोण? तर मी. म्हणजे माझ्याच खोलीच्या पंचनाम्यावर सही करायला मलाच बसवलं.

सहा आठवडे मी हे खेळ तपासते आहे, भाऊजी, आणि सहा आठवडे माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आहे. हे खेळ मराठीत आहेत असं कंपनीचं म्हणणं. मराठी कोणी केलं, देव जाणे. (माणसाने केलं नसावं. माणूस इतका सातत्याने चुकत नाही.) सरासरीच्या खेळात प्रश्न आहे, 'खालील पाच संख्यांमधील नीच शोधा.' (सरासरीला इंग्रजीत 'मीन' म्हणतात, त्याचं यांनी 'नीच' केलं.) मुलांनी एकमताने तेरा हा आकडा नीच ठरवला आणि खेळाने ते बरोबर धरलं! रसायनाच्या खेळात 'मिठाचा तोडगा तयार करा' असं आहे. मी दहा मिनिटं विचार करत होते की मिठाचं असं काय बिनसलं आहे. मग कळलं की त्यांना द्रावण म्हणायचं आहे. आणि वर्गमुळाच्या खेळात एक झाड येतं, त्याला चौकोनी मुळं आहेत. मी कंपनीच्या आभा मॅडमना हे दाखवलं. त्या पुण्याहून येतात, अतिशय गोड बोलतात आणि आपण काहीही सांगितलं तरी 'सुपर फीडबॅक, मॅम' म्हणतात. तोडगा अजून तोडगाच आहे.

समुद्राच्या पाण्यापासून मीठ, हा खेळ तर काय सांगावा. बोटाने सूर्य ओढून पाण्यावर आणायचा, चार सेकंदांत मीठ तयार, टाळ्या वाजतात, एक खेकडा नाचतो. सहावी ब मध्ये रंजिता म्हणून मुलगी आहे. तिचे आजोबा काशीराम आयुष्यभर मिठागरात राबले. (आता कळंबोलीला त्यांचे ट्रक आहेत, शाळेच्या पालक समितीवर आहेत आणि शाळेत येतात ते सगळ्या शिक्षकांना उभं करूनच जातात.) रंजिताने तो खेळ खेळून टॅब माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बाई, ह्या मीठ खोटा हाय. आमचे आजाचे पाय बगा, अजून भेगाललेले हान." भाऊजी, ही अख्ख्या अहवालातली सगळ्यात शास्त्रीय नोंद होती आणि ती लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

कारण फॉर्म. फॉर्मबद्दल आता बोलते, तुम्ही गोळी घेतली नसेल तर घ्या. सेहेचाळीस प्रश्न, प्रत्येकाला पाच चांदण्यांपैकी चांदण्या द्यायच्या. रंग किती आवडले? आवाज किती आवडला? मुलं किती वेळा हसली? 'घर्षणाचा अनुभव किती आनंददायी होता?' सेहेचाळीस प्रश्नांत एकही प्रश्न असा नाही की मुलांना काही समजलं का. मी सगळीकडे शून्य द्यायला गेले, तर फॉर्म शून्य घेतच नाही. कमीत कमी एक चांदणी द्यावीच लागते, लग्नातल्या आहेरासारखी. शेवटी 'अन्य शेरा' म्हणून बोटभर चौकट, तिच्यात दोनशे अक्षरं मावतात. माझा राग दोनशे अक्षरांत मावतो का? तुम्हीच सांगा. मग मी सरळ फुलस्केप घेतले आणि शाईच्या पेनाने अकरा पानी अहवाल लिहून कार्यालयात नेऊन दिला.

त्यात मी लोलकाचा प्रयोग अगदी सविस्तर लिहिला, कारण सगळ्यात जास्त संताप मला त्याचाच आला होता. एक मीटरचा लोलक, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा. बेचाळीस मुलांनी आळीपाळीने मोजलं आणि बेचाळीसही जणांचं उत्तर चाळीस पूर्णांक बारा शतांश सेकंद! एकाचंही वेगळं नाही. अहो, तुमच्या वेळी कोणाचं छत्तीस यायचं, कोणाचं पंचेचाळीस, एखादा एकोणीसच मोजायचा आणि वीस म्हणून भांडायचा, पंख्याच्या वाऱ्याने लोलक गोल फिरायला लागायचा आणि मग चूक कुठे झाली यावर तास संपायचा. तेच तर विज्ञान! इथे कोणी चुकूच शकत नाही. मध्येच नेटवर्क गेलं, तर लोलक एका बाजूला वर चढून तिथेच लटकून राहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आता गुरुत्वाकर्षण गेलं काय?" सात मिनिटांनी नेटवर्क आलं आणि लोलक खाली आला. मी हे सगळं लिहिलं. माझी वाक्यं जशीच्या तशी देते: 'सहावी ब मधील बेचाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी वीस याप्रमाणे एकूण आठशे चाळीस आंदोलने शिस्तीत पूर्ण केली. नेटवर्कअभावी आंदोलन सात मिनिटे स्थगित ठेवावे लागले. दोन विद्यार्थ्यांनी पाणी पिऊन येऊन आंदोलन पुन्हा सुरू केले. खरे आंदोलन वर्गाबाहेर, मोकळ्या हवेत व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.'

यात काय चूक आहे? सहावीच्या मुलालाही कळेल. लोलक या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन परत आला की एक आंदोलन. पण उदयसिंह इंग्रजी माध्यमातले. त्यांना आंदोलन म्हटलं की रास्ता रोको आठवतो आणि या पनवेल-उरणच्या पट्ट्यात जमिनीपायी इतकी आंदोलनं झाली आहेत की तो शब्द ऐकला की कार्यालयातले लोक आधी मोटारी आत घेतात. तिसऱ्या दिवशी मला नोटीस! 'आपण अल्पवयीन विद्यार्थ्यांना आठशे चाळीस आंदोलने करण्यास प्रवृत्त केले असून, त्यांच्या मागण्यांचे एकही निवेदन कार्यालयास प्राप्त झालेले नाही. खुलासा करावा.' पंचवीस वर्षं नोकरी झाली माझी! सुट्टीचा अर्जसुद्धा कधी उशिरा दिला नाही मी! खुलासा म्हणून मी पाठ्यपुस्तक घेऊन गेले, पान उघडून दाखवलं. उदयसिंहांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले की असे स्फोटक शब्द पुस्तकात घालतातच कशाला. नोटीस मात्र मागे घेतली नाही, कारण तिला जावक क्रमांक पडला होता.

इकडे रंजिताने घरी जाऊन सांगितलं की बाईंनी माझ्याकडून वीस आंदोलनं करून घेतली आणि त्यासाठी बाईंना नोटीस आली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काशीराम माझ्यासमोर हजर. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बाई, येवरा मोटा आंदोलन केला तुमी आनि आमाला कलवला पन नाय? आमी काय मेलो हाव? तुमच्यावर नोटीस कारतान, ता आमी बगून घेव. मागन्या काय हान ता फकस्त बोला." मी लोलक समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, भाऊजी, खरंच उघडलं होतं. पण मग विचार केला, इतक्या वर्षांत मला कोणी मागण्या विचारल्या आहेत? मी म्हटलं, एकच मागणी आहे, प्रयोगशाळा राहिली पाहिजे. काशीराम म्हणाले, "लिवा."

त्यामुळे कालच्या समितीच्या बैठकीला तीस माणसं जास्त होती. आभा मॅडमनी पडद्यावर लोलक झुलवून दाखवला. उदयसिंह म्हणाले की यात काच फुटत नाही, हात भाजत नाही, कोणाला इजा होत नाही. झालं. माझा तोल गेला. मी उभी राहिले आणि काय काय बोलले ते मला पूर्ण आठवत नाही, पण एवढं आठवतं की हात न भाजता जे शिकवतात त्याला करमणूक म्हणतात, असं मी म्हणाले. मुलांना खोटा लोलक दाखवून खोटं मीठ खायला घालणाऱ्यांनी शिक्षणाबद्दल बोलू नये, असं म्हणाले. (याला आभा मॅडम 'सुपर फीडबॅक' म्हणाल्या नाहीत.) आणि शेवटी आव्हान दिलं. शनिवारी सकाळी दहा वाजता, सगळ्यांसमोर, एका बाजूला यांचा पडदा आणि दुसऱ्या बाजूला माझा खरा लोलक. सहावी ब ची मुलं दोन्ही करतील आणि कशातून जास्त समजलं ते तीच सांगतील. त्यांनी पडदा म्हटलं, तर खोली मी स्वतः झाडून देते. काशीरामांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "शनवारी बगू!" ठराव मंजूर झाला. तुमची खोली, भाऊजी, आता शनिवारवर टांगलेली आहे.

तर असं आहे. रक्तदाब मोजला नाही, मोजणारही नाही. तुमच्या आशीर्वादाची गरज आहे, एवढंच.

आपली आज्ञेतली (आणि सध्या इतर कोणाच्याही आज्ञेत नसलेली),
रमा

ता. क. सुमतीताईंनी पाठवलेलं कोकम आगळ पोचलं. उत्तम आहे. रागाच्या भरात लिहायचं राहिलं.

ता. क. दुसरा. आज शाळा सुटताना रंजिता थांबली होती. तिने विचारलं, "बाई, खरा लोलक कसा असतो? जड असतो का हातात?" मी म्हटलं, शनिवारी बघशील. ती म्हणाली, "तुमी तर रोज बगत असाल ना?" मी हो म्हटलं. तेव्हापासून मला काही सुचत नाही. हे पत्र फाडून टाकावं असंही वाटलं, पण अकरा पानांचा अहवाल लिहिल्यापासून मला लिहिलेलं फाडवत नाही.

ता. क. तिसरा. हा फक्त तुम्हीच वाचा. सुमतीताईंना मोठ्याने वाचून दाखवत असाल तर इथे थांबा. तुमच्या निरोप समारंभाच्या गडबडीत साहित्याच्या कपाटाची किल्ली तुमच्या जुडग्यातच श्रीवर्धनला गेली. मी रजिस्टरमध्ये 'चार्ज पूर्ण मिळाला' अशी सही केली होती, म्हणून आधी मागायला लाज वाटली आणि नंतर उशीर झाल्याची लाज वाटली. सहा वर्षं ते कपाट उघडलेलं नाही. दगड आणि सुतळी घेऊनही लोलक करता आला असता, हे मला कळत नव्हतं असं नाही, पण कधी परीक्षा, कधी निवडणुकीचं काम, दर वर्षी म्हटलं पुढच्या वर्षी. सहा वर्षं मी लोलक फळ्यावर काढते आहे. खाली लिहिते, 'वीस आंदोलने, चाळीस सेकंद'. सगळी मुलं ते उतरवून घेतात आणि सगळ्यांचं उत्तर सारखं येतं. टॅबमधला निदान हलतो तरी.

शनिवारी प्रयोगाआधी समिती साहित्याचं कपाट उघडून बघणार आहे. तेव्हा किल्ली कुरियरने पाठवू नका, स्वतः घेऊन या आणि शुक्रवारीच या. मी तुमच्या हाताखाली कधी प्रयोग केला नाही, नुसता बघितला. दोऱ्याला गाठ कशी मारायची, ते पुस्तकात दिलेलं नाही.