बाहेरून कडी

दादा,

"घरी ये" हा तुझा निरोप तुझ्या लेकीने फोनवर तीनदा ऐकला. "बाबांचा आवाज किती मऊ झालाय गं आत्या," म्हणाली आणि बॅग भरायला बसली.

माझ्याकडे आली तेव्हा ती दिवसदिवस बोलत नव्हती. तिचं एका मुलीवर प्रेम आहे, एवढाच तिचा गुन्हा. मी उपदेश केला नाही. शेजारी जेवायला बसवलं, त्या मुलीलाही घरी बोलावलं. महिन्याभरात पोरगी मलाच टोमणे मारायला लागली, "आत्या, हे घर आहे, सभा नाही. हळू बोल." माणूस जगवायला एवढं पुरतं, दादा. तुला तेही जड गेलं.

परवा तू तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतलीस. खिडकीला गज लावलेस. शुक्रवारी कोणी डॉक्टर तिला सरळ करायला येणार आहे. हे मला वहिनीने कळवलं. पत्र टाकलं तर हे वहिनीनेच सांगितलं हे तू ओळखशील आणि ती खोली तिच्याच वाट्याला येईल. म्हणून हे टाकणार नाही.

हजारोंपुढे बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. आता एकाच पोरीला सांगायचंय की बाप तिला कोंडायला बोलावतोय. ती चपला घालून दारात उभी आहे.

अजून तरी तुझी,
धाकटी बहीण