भार आला की बंद

३ फेब्रुवारी, मंगळवार

परत बंद! आठवड्यात तिसऱ्यांदा. सूचना नाही, कुरकुर नाही, काही नाही. रेंडर लावून अंघोळीला गेले, परत येऊन बघते तर पडदा काळा आणि खोलीत चिडीचूप. मेल, नकाशे, हिशोबाची पत्रकं — दिवसभर शहाण्यासारखा चालतो. जरा खरं काम सांगितलं की मेला आडवा!

पुढच्या शुक्रवारी, तेरा तारखेला, आर्किटेक्टबाईंना वाचनालयाच्या इमारतीची फिल्म द्यायची आहे. तीन मिनिटांची. पुढच्या दोन वर्षांची कामं तिच्यावर ठरणार. माझ्या बाजूचं सगळं झालंय. आता संगणकानं एकेक चित्र रंगवत जायचं, सलग सहा तास. त्यालाच रेंडर म्हणतात आणि नेमकं तेच याला जमत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

दादाला फोन. संगणक त्यानंच जोडून दिलेला, जबाबदारी त्याची. "धूळ असेल." उघडला. धूळ चिमूटभर. तीही झाडली. प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. तापमान चौऱ्याहत्तर, म्हणजे ठणठणीत. मग रेंडर लावून समोर ठाण मांडून बसले. आतले पंखे असे घोंगावायला लागले की शेजारच्यांनी विचारावं. पाऊण तास चालला! चहा टाकायला उठले — बंद. माझी पाठ फिरायचीच वाट बघत असतो.

दादा म्हणे, यूपीएस घे. अरे, वीज जातच नाही! फ्रीज चालू असतो, दिवा चालू असतो. वर फोन ठेवताना, "बाबा बरे आहेत ना? परवा बोलताना जरा वेगळेच वाटले." लांब बसून काळज्या करायला काय जातं? इथे मी राहते त्यांच्याजवळ. मला दिसत नाही का?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संगणक दुरुस्तीवाल्याकडे. याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो संगणकाला पेशंट म्हणतो. "पेशंट ठेवून जा, ताई. एसएमपीएस दमलाय." म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा. भार आला की तो मान टाकतो, म्हणाला. बदलून देणार. ठीक. निदान कारण तरी मिळालं.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात म्हणे नऊ तास पूर्ण भारावर चालला. घरी आणला. पंचवीस मिनिटं!!

९ फेब्रुवारी, सोमवार

आज संगणक परत दुकानात नेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर डॉक्टरला फैलावर घेतलं. जुनाच डबा पुसून बसवलात, असंही म्हणाले. त्यानं संगणक टेबलावर ठेवला, भार लावला आणि मला स्टूल दिलं. बसले. दोन तास! एकदाही बंद नाही. सासरी गेलेल्या मुलीसारखा तिथे गुणाचा वागतो आणि माहेरी येऊन पाय पसरतो.

तोंडघशी पडून घरी आले. दारातच बाबा — "साहेब येऊन गेले का?" म्हणजे दुरुस्तीवाला! एकतीस वर्षं कागदाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला, पन्नास माणसांवर आवाज चढवला, आणि आता डॉक्टरला साहेब म्हणतात. शिवाय दोन दिवस घरात बूट घालून फिरतायत. "पाय गार पडतात." लादी कोण पुसतं या घरात?

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर स्वतःहून घरी आला. भिंतीतल्या बोर्डाला मीटर लावला, वायर हलवून बघितली, अर्थिंग तपासलं. सगळं चोख. मग संगणकाच्या आतल्या नोंदी उघडून दाखवल्या. दर वेळी एकच — वीज एकदम तुटली. उष्णतेनं नाही, भारानं नाही. "ताई, राग मानू नका. घरात कुणी बटणाला हात लावतं का?"

राग मानू नका! घरात मी आणि बाबा. बाबा म्हणजे शिस्तीचा पुतळा, दुसऱ्याच्या पेनाला हात लावत नाहीत. आणि प्रत्येक वेळी मी बघितलंय, भिंतीवरचं बटण चालूच असतं. तसं त्याला ठणकावून सांगितलं आणि तोंडावर दार लावलं. स्वतःला दोष सापडत नाही म्हणून माझ्या बापावर ढकलतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

आर्किटेक्टबाईंचा फोन. आवाज गोड, मजकूर कडू. "उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांग. नाहीतर मला दुसरीकडे द्यावं लागेल." डॉक्टरच्या दुकानात सहा तास लावून घेता आलं असतं. पण कोणत्या तोंडानं जाऊ? काल तर दार लावून बसले.

दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "तुझ्या मशीनचा आवाज बरा नाही. आवाज चढला की आधी बंद करायचं, विचारायचं मग." मी उसळले. हा बॉयलर नाही, बाबा! ते जेवत राहिले. मी मात्र ताटावरच थांबले.

सरळ विचारलं. तुम्ही बटण दाबता का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी? मी कशाला दाबू? तुझं काम चाललेलं असतं." कपाळावर आठी नाही, नजर चोरणं नाही. बाबा उभ्या जन्मात खोटं बोललेले नाहीत. लाज वाटली मला. डॉक्टरनं डोक्यात किडा सोडला आणि मी सख्ख्या बापाची उलटतपासणी घेतली!

तरी उद्या बाहेर जाणार नाही. बाजारात जाते असं सांगून आतल्या खोलीत दाराआड बसणार. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पंखे घोंगावायला लागले आणि चार मिनिटांत बाबा आले. बूट घातलेले, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. भिंतीवरचं बटण बंद केलं. आवाज पूर्ण बसेपर्यंत कान देऊन उभे राहिले. मग बटण पुन्हा चालू केलं, होतं तसं.

मी पुढे आले. बाबा, म्हटलं. ते वळले, आणि अदबीनं दोन पावलं मागे सरकले.

"घाबरू नका, मॅडम. वेळेवर बंद केलंय. आत कुणी माणूस नव्हतं ना?"

नव्हतं, मी म्हणाले.