मागच्या अंकातला खुलासा

जयनगर, बेंगळूरु
८ जुलै २०२५

ती. मथुराअक्कास,
जयसिंगाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुला फोनवर नीट ऐकू येईनासं झालं म्हणून आपण पत्रं लिहायला लागलो, आता मला त्याची सवयच जडलीय. दिवसभर आमच्या साप्ताहिकासाठी कन्नड आणि इंग्रजी खरडून झालं की मराठीत लिहायला तूच उरतेस.

तुझी नात सिद्धी शनिवारपासून माझ्याकडे राहायला आलीय. प्रकृती उत्तम. ती आणि माझी अक्षरा एका खोलीत झोपतात, म्हणजे झोपत नाहीत, खिदळतात. मी ओरडलो की ‘सरी सरी, झोपतो’ म्हणून दिवा घालवतात आणि पुन्हा सुरू.

ती का आली ते मात्र सांगायला हवं. ती राहते त्या मुलींच्या पीजीला अगदी लागून तळघरासाठी मोठा खड्डा खणलाय. पीजीच्या खाली गाड्या लावतात तिथल्या एका खांबाला तडा गेलाय. आमच्या बातमीदार प्रतिमानं फोटो आणला तेव्हा मला वाटलं, गिलावा फुटला असेल. मग स्वतः जाऊन पाहिलं. तड्यात माझी बोटं आत गेली, अक्का. आतली सळई हाताला लागली. शनिवारी आमच्या ‘नम्म बडावणे’च्या पहिल्या पानावर तो फोटो छापला. आमचा अंक म्हणजे घरोघर फुकट टाकायची आठ पानं. पाणी कधी येणार आणि कोणत्या दुकानात सूट आहे, एवढंच लोक बघतात असं मी समजत होतो. पण संध्याकाळपर्यंत निम्म्या मुली बॅगा घेऊन बाहेर पडल्या. सिद्धीच्या खोलीतली स्वानंदी, ती नागपूरची, यशवंतपूरला मावशीकडे गेली.

खड्डा गिरीराजचा. आमच्या शेवटच्या पानावर वर्षानुवर्षं ज्याची जाहिरात येते तोच बिल्डर. काल तो ऑफिसात आला. आवाज जराही चढवला नाही. कॉफी घेतली, अक्षरा नोकरीला कोणत्या बसनं जाते ते विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत बसचा नंबर त्यानंच सांगितला. मग म्हणाला, इमारत सुरक्षित असल्याचा खुलासा छापा, माझ्याकडून काही राग नाही.

आज अनोळखी नंबरवरून फोटो आला. बसस्टॉपवर उभी असलेली अक्षरा, खांद्याला डब्याची पिशवी. तिच्या गळ्यातली पिवळी ओढणी तिनं आजच पहिल्यांदा घेतली होती.

तिला मी काही सांगितलेलं नाही. काय करू ते कळव. अक्षर वाकडंतिकडं आलंय.

तुझा लोभ आहेच, सध्या तो स्वल्प जास्त लागेल.

तुझा,
जयसिंग


संडूर
१२ जुलै २०२५

चि. जयसिंगास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात आलं तेव्हा ताट वाढलेलं होतं, ते तसंच झाकून ठेवलं. इथे खाणीचे ट्रक दारावरून जातात. ते मला ऐकू येत नाहीत, पण पायाखालची जमीन हादरते, आणि कालपासून तेवढ्यानंही मी उठून दाराची कडी तपासते.

अक्षरा आईवेगळी पोर. शाळेत नाव घालायच्या आधीपासून दहावीपर्यंत माझ्या कुशीत वाढली. तिला तापातून उठवलंय मी, विंचू चावला तेव्हा उचलून दवाखान्यात धावलेय. तिच्यावर कुणी पाळत ठेवून असतो हे मी दोनदा वाचलं. बाबा रे, छाप तो खुलासा. चार ओळी छापल्यानं इमारत पडणार नाही की उभी राहणार नाही. पोलिसात जाशील तर पोरीचं नाव सगळ्या गल्लीत होईल. तू लहानपणापासून हट्टी. वडिलांनी शेंगांच्या पोत्यावर बसवून शिक्षा केली तरी उतरून माफी मागायचा नाहीस. या वेळी ऐक.

सिद्धीला सांग, केस मोकळे सोडून हिंडू नको. आणि पोरींना फक्त इडली घालून ठेवू नकोस, भाकरी कर. जमत नसेल तर अक्षराला येते.

तुला रागावले तरी माया कमी झालेली नाही, हे जाणतोसच.

तुझी,
अक्का


जयनगर, बेंगळूरु
२० जुलै २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. कालच्या अंकात खुलासा छापला: तज्ज्ञांनी पाहणी केली असून इमारतीस कोणताही धोका नाही. तज्ज्ञ कोणीही आला नव्हता. वाक्य गिरीराजच्या माणसानं लिहून आणलं, मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

प्रतिमानं पान पाहिलं, कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला आणि रजेचा अर्ज न देताच निघून गेली. गिरीराजकडून म्हैसूरपाकाचा डबा आला. तो कोणी उघडला नाही, मुंग्यांनी मात्र वाट शोधली. त्यानंतर पुन्हा फोटो आलेला नाही. तरी मला धड चैन नाही. अक्षरा घरी यायच्या वेळेला मी जिन्यात उभा राहतो, आणि तिनं विचारलं तर कुंडीला पाणी घालत होतो म्हणून सांगतो.

पीजीत मुली काल लगेच परत आल्या म्हणे. ती जागा चालवणाऱ्या अनुसूयम्मांनी माझा खुलासा मोठा करून दारावर डकवलाय, आणि मुलींच्या घरी फोनवरूनही पाठवलाय. स्वानंदीच्या आईनं नागपूरहून सांगितलं, की पेपरानंच लिहिलंय तर मावशीला त्रास नको, तू परत जा. ती गेली. सिद्धीलाही जायचंय. मी नाही म्हटलं. तर फुगून बसलीय, म्हणते, मामाआजोबा, तुम्ही उगाच लाड करता. मी म्हटलं, इथे जेवण बरं आहे. निदान हा पाऊस सरेपर्यंत तिला इथेच राहू दे. तूही तिला तसंच लिही, तुझं ती ऐकेल.

हल्ली मी त्या रस्त्यानं जात नाही. बाजाराला लांबून वळसा घालतो.

इकडची काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहवत नाही. माया असू दे.

तुझा,
जयसिंग


संडूर
२३ जुलै २०२५

चि. जयसिंगास आशीर्वाद.

इमारत चांगली असेल तर आपली सिद्धी तिथे का जात नाही, हे तुला विचारायला पेन उचललं. मग लक्षात आलं, उत्तर तुला ठाऊक आहे, आणि आता मलाही.

छाप असं मीच सांगितलं. सांगताना मला फक्त आपल्या दोन मुली दिसत होत्या. कालपासून ती नागपूरची पोर दिसते, जिला मी कधी पाहिलेलंही नाही. तिच्या आईनं तुझ्या कागदावर भरवसा ठेवून तिला त्या खोलीत परत पाठवलं. त्या बाईला कोण अक्का आहे, कोण भाऊ आहे? तिला बेंगळूरुत विचारायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून तिनं तुझा पेपर वाचला.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. देवापुढे बसले तरी अक्षराच दिसते. तिला इकडे पाठव, मी दाराला कडी लावून तिला जवळ ठेवीन. पण त्या मुलींना बाहेर काढ. पत्र मिळेल त्या क्षणी ऊठ. शनिवारच्या अंकाची वाट पाहू नकोस.

शिव्या द्यायच्या तर मला दे, पण आधी जा.

अक्का


जयनगर, बेंगळूरु
१ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील, तरी क्रमानं सांगतो.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. ते उभ्यानंच वाचलं आणि छापखान्याला फोन करून अंक थांबवला. मग अक्षराला बोलावून तिचा फोटो दाखवला. मला वाटलं, ती रडेल. ती पांढरीफटक पडली, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाली, अप्पा, माझ्या नावानं घाबरलात, पण मला विचारलंत का? संडूरला जायलाही ती तयार होईना. म्हणाली, मी तिकडे जाऊन बसले तर तुम्ही इथे एकटेच जिन्यात उभे राहाल.

संध्याकाळी मी पीजीवर गेलो. मुली नोकरीवरून परतत होत्या. दारावर माझाच खुलासा, खाली माझं नाव. खालच्या खांबापुढे कोणी तरी पत्रा उभा केला होता. तो सरकवला. अक्का, आधी बोटं गेली होती, आता अख्खा पंजा आत जात होता. खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि मातीचे लपके त्यात पडल्याचा आवाज येत होता.

मी जिन्यात ओरडून सगळ्यांना खाली बोलावलं. अनुसूयम्मा अंगावर धावून आल्या. म्हणाल्या, तुम्हीच लिहिता पडेल, तुम्हीच लिहिता पडणार नाही, आता काय म्हणून माझ्या पोटावर मारता? मुलीही कठड्याला टेकून हसत होत्या. एकीनं विचारलं, अंकल, आम्ही तुमचा कोणता अंक खरा मानायचा? मी सांगत होतो, हात जोडत होतो, आणि एकही पायरी कोणी उतरत नव्हतं. उभ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. माझ्या शब्दाला तिथे काडीचीही किंमत नव्हती आणि डोक्यावर ते सहा मजले होते.

तेवढ्यात सिद्धी मागून आली. अक्षरानंच तिला पाठवलं होतं. तिला पाहून स्वानंदी म्हणाली, तू तरी सांग यांना. तेव्हा मी सांगून टाकलं, की ही माझी नात, तिला मी इथे परत येऊ दिलं नाही, कारण खुलासा खोटा होता हे मला ठाऊक होतं. माझ्या मुलीला धमकी आली म्हणून तो छापला.

हसणं थांबलं. स्वानंदी सिद्धीकडे वळली. म्हणाली, म्हणजे तुझ्यासाठी धोका आणि माझ्यासाठी नाही? मग स्वानंदीच वर गेली, नि तिनं एकेक दार ठोठावलं. मुली उशा, लॅपटॉप, ओले कपडे, हाताला लागेल ते घेऊन उतरल्या. अनुसूयम्मा शेवटी आल्या. त्यांना मी दंडाला धरून बाहेर आणलं, त्यांनी शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या. आपल्या समाजाच्या सभागृहात सगळ्यांची सोय केली. अग्निशमन दल आलं, त्यांच्या माणसानं खांब पाहिला आणि बॅटरी विझवून आधी स्वतःच बाहेर आला. मग त्यांनी रस्ता बंद केला.

शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर एवढंच छापलं, की मागच्या अंकातला खुलासा खोटा होता, तो का छापला, आणि कोणी लिहून आणला. अक्षराला विचारून तिचा फोटोही छापला. प्रतिमा बोलावल्याशिवाय आली आणि मजकुरावरून हात फिरवून गेली.

रविवारी दुपारी इमारत खड्ड्याच्या बाजूला कलली आणि बसली. आत कोणी नव्हतं. आम्ही दोरीपलीकडे उभे होतो. धूळ खाली आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची स्वानंदीची खोली कुठे होती तेही ओळखता येईना. ती माझा हात घट्ट धरून उभी होती. तिनं मला माफ केलंय असं नाही. धरायला जवळ मीच होतो.

पोलिसांनी तक्रार घेतली, माझा फोन ठेवून घेतला. गिरीराज मात्र कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. सांगतात, देवनहळ्ळीकडे त्याच्या जमिनी आहेत, तिकडे असेल. त्यामुळे भीती जशीच्या तशी आहे, अक्का. रोज मी अक्षराबरोबर बसस्टॉपवर जातो.

आज तिथे उभे होतो. एक मोटारसायकल सरळ आमच्या अंगावर आल्यासारखी आली आणि पुढ्यात थांबली. हेल्मेटची काच काळी. मी अक्षराच्या पुढे झालो. त्या माणसानं हेल्मेट काढलं. माझ्याहून तोच जास्त घाबरलेला दिसत होता. चार घरं पलीकडे राहतो म्हणाला, शेजारी खणायला लागलेत, कालपासून आमचं देवघराचं दार लागत नाही. सर, एकदा येऊन बघाल का?

अक्षराची बस आली. ती चढली आणि खिडकीतून मला हातानंच सांगितलं, जा. बस वळेपर्यंत मी तिथेच थांबलो. मग त्या माणसाच्या मागे बसलो.

आमच्यावर नजर असू दे.

तुझा,
जयसिंग