अप्पारावांचा उजवा हात

२ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. मी शांत माणूस आहे, याची नोंद कुठंतरी पाहिजे. लोक करत नाहीत.

ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटच्या कोर्सला अ‍ॅडमिशन घेतली. औरंगपुऱ्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. अर्धांगवायू झालेल्या, हाडं मोडलेल्या माणसांना पुन्हा बटण लावायला, घास मोडायला, केस विंचरायला शिकवायचं. हळुवार माणसाचं काम. म्हणजे माझंच.

प्रेरणा सध्या माहेरी, खुलताबादला. मॅच हरलो त्या दिवशी रिमोट हातातून सुटला आणि ती नेमकी मध्ये आली. कपाळाला टाके पडले. दोन्ही घरांच्या बैठकीत हे मी नीट समजावून सांगत होतो, पण सासऱ्यांनी, म्हणजे नानासाहेबांनी, चार लोकांदेखत अट घातली. कोर्स पुरा कर, सर्टिफिकेट दाखव, आणि तोवर कुणाच्या अंगावर हात टाकलेला कानावर आला तर बायको विसर. लगेच कबूल केलं. मला त्यात काय अवघड. निघताना दाराला लाथ बसली, पण ते दार आधीच खिळखिळं होतं.

५ जून
येताना रिक्षावाल्याशी चर्चा झाली. त्याच्या अंगाला हात लावला नाही. फक्त आरशाला लावला.

क्लासमध्ये सई मॅडमनी पहिला नियम सांगितला: पेशंट करत असेल तर आपण करायचं नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. एक काका शर्टाचं बटण लावत होते. बटण काजाजवळ जायचं, घसरायचं. पुन्हा जायचं, घसरायचं. मी मनातल्या मनात त्यांना बराच वेळ बदडलं. मनातलं धरत नाहीत.

१९ जून
मणी ओवणे. मण्यांची ताटली भिंतीवर गेली. स्टीलची होती, फुटायचा प्रश्नच नव्हता. मॅडमनी सगळे मणी मलाच वेचायला लावले. बोटांना चांगला व्यायाम झाला.

८ जुलै
स्प्लिंट शिकलो. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, थोडा निवू द्यायचा, मग हातावर बसवायचा. निवू द्यायचं राहिलं. सत्यम नावाचा वर्गमित्र बोंबलला आणि त्यानं मला ढकललं. तोल सावरायला मी त्याची कॉलर धरली. ती निघून हातात आली. आजकाल कपड्यांची शिलाई फार वाईट.

संकल्प: उद्यापासून रोज प्राणायाम.

९ जुलै
शेजाऱ्याच्या मिक्सरच्या आवाजात प्राणायाम होत नाही. भिंत ठोकली. भिंतीचा पोपडा आणि माझ्या बोटांची सालं निघाली.

११ ऑगस्ट
स्वतंत्र पेशंट मिळाला. अप्पाराव. वेरूळकडचे बागायतदार, जुने पैलवान. झटका आल्यापासून उजवा हात निर्जीव. सोबत बायको सत्यभामाबाई, चार पायांची काठी सांभाळत.

मॅडमनी त्यांना विचारलं की पहिल्यांदा काय करावंसं वाटतं. लोक सही म्हणतात, जेवण म्हणतात. हे म्हणाले, "तंबाखू मळायचीय. आपल्या हातानं." सध्या बाई मळून देतात, पण त्यांच्या हातची जमत नाही म्हणे. मॅडम हसल्या नाहीत. डाव्या तळव्यावर धरायची, उजव्या अंगठ्यानं रगडायची, दोन्ही हातांना काम, उत्तम. मला सांगितलं: पुडी रोज त्यांच्या उजव्या बाजूला ठेव आणि थांब. किती वेळ? लागेल तितका.

व्यसनाला उत्तेजन मला तत्त्वतः मान्य नाही. पण ठेवली.

२ सप्टेंबर
ते पुडीकडे बघतात, मी त्यांच्याकडे, दोघं पंख्याकडे. हात हलत नाही. आज माझ्या दातांखाली पेन मोडलं.

४ सप्टेंबर
ऐतिहासिक दिवस. संयम संपला, म्हणजे वेळ संपत आली होती, म्हणून मी पुडी उचलली आणि खिडकीतून खाली फेकली. अप्पारावांचा उजवा हात उठला. उठला तो थेट माझ्या कानाखाली. अजून कानात शिट्टी वाजतेय.

सगळे धावत आले. मॅडमना हाताचा आनंद झाला, माझा झाला नाही. म्हणाल्या, हात वळायला लागलाच होता, चार-आठ दिवसांत त्यांनी पुडी आपसूक घेतली असती, पुन्हा असा प्रकार केलास तर बाहेर. मत्सर. दुसरं काय.

महत्त्वाचं: मी उलट मारलं नाही. प्रेरणाला मेसेज केला की मार खाल्ला, दिला नाही. तिचं उत्तर आलं: बरं. बैठकीनंतरचा तिचा पहिला शब्द. तीन-तीनदा वाचला.

७ ऑक्टोबर
मॅडम नसताना माझी पद्धत चालू आहे. पुडी हिसकावणे, मापं काढणे, त्यांच्या कुस्त्या खोट्या म्हणणे. प्रगती थक्क करणारी. गेल्या आठवड्यात उघडा पंजा, आज वळलेली मूठ. थेट नाकावर. पकड सुधारली, नेमही सुधारला. पेशंट उत्तम. असिस्टंटच्या नाकात कापूस.

१८ नोव्हेंबर
स्टीलचा पेला, खांद्याच्या वरून, पूर्ण फेक. भुवई फुटली. या पद्धतीला माझं नाव द्यावं, असं परीक्षेनंतर सुचवणार आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी
आज प्रॅक्टिकल. प्रेरणा नानासाहेबांबरोबर येतेय. पास झालो की इथूनच घरी. नवीन टीव्ही आणलाय, भिंतीवर उंच लावलाय. रिमोट कपाटात कुलपात. यापेक्षा माणसानं काय करावं?

१२ डिसेंबर, संध्याकाळी
डाव्या हातानं लिहितोय, म्हणून थोडक्यात.

बाहेरच्या बाकावर प्रेरणा आणि सत्यभामाबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. आत परीक्षक म्हणाले, पेशंटची प्रगती दाखवा. मी पुडी हिसकावली आणि गाल पुढे केला.

अप्पारावांनी मारलंच नाही. उजवा हात बंडीच्या खिशात घालून दुसरी पुडी काढली. चुना लावला, अंगठ्यानं मळली, थापटली, ओठात ठेवली. परीक्षक खूश. मी नाही, कारण यात माझी पद्धत कुठंच दिसत नव्हती. मी अप्पारावांना मारा म्हणालो. ते म्हणाले, "कशापायी? झालं की माझं काम."

मी ओरडलो. ते हसले. मग माझा हात उठला. ते मारणं नव्हतं, प्रात्यक्षिक होतं. पण तंबाखू परीक्षकांच्या शर्टावर गेली आणि अप्पाराव खुर्चीसकट कलंडले.

सत्यभामाबाई काठी घेऊन आत आल्या. "आजारी माणसाला मारतो व्हय रं," एवढंच म्हणाल्या. माझं मनगट दोन ठिकाणी मोडलं. सत्यमनं मला धरून ठेवलं होतं. नापास. मॅडम म्हणाल्या, पोलिसांत द्यायचं का ते अप्पाराव ठरवतील.

दारात प्रेरणा उभी होती. मी रिफ्लेक्स म्हणजे काय ते समजावायला लागलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाना, चला."

१५ डिसेंबर
अप्पारावांनी तक्रार केली नाही. भला माणूस. प्रेरणा फोन उचलत नाही. रेंज नसेल. फेब्रुवारीच्या बॅचला पुन्हा बसणार. नानासाहेबांना मुदतवाढ मागणार.

२१ डिसेंबर, रविवार
प्रेरणाचा भाऊ हिमांशू तिचं शिलाई मशीन न्यायला आला. सोबत दोन चुलतभाऊ, लाठ्या घेऊन. गल्लीत कुत्री फार आहेत. मी शांत होतो. मशीन उचलायला मदत करतो म्हणालो, त्यांनी नको म्हटलं.

दोऱ्यांचा डबा वरच्या फळीवर होता. तो काढायला हिमांशूनं हात वर केला आणि मी एकदम डोकं झाकून खाली बसलो. डबा पडेल असं वाटलं, एवढंच. त्यानं डबा काढून काखेत धरला.

"ताई अजून बी अशीच बसती," तो म्हणाला. "आईनं ताट काढायला हात वर केला तरी."

ते मशीन घेऊन गेले. मी बराच वेळ तिथंच बसून होतो. आज लिहायला दुसरं काही नाही.