चेपलेल्या बाटल्या परत घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बाटली-अनामत योजना, घनकचरा विभाग

विषय : आमच्या वस्तीतील बाटली-परतावा यंत्र न हलवण्याबाबत व चेपलेल्या बाटल्या हाताने मोजून घेण्याबाबत.

संदर्भ : ‘प्रतिसाद नगण्य, रहिवाशांत स्वच्छतेविषयी अनास्था’ या कारणाने यंत्र महिनाअखेरीस हलवण्याची आपली नोटीस.

महोदय,

१. मी रसायनशास्त्राची पदवीधर असून कालव्यामागच्या वस्तीत आत्याजवळ राहते. तिने तीस वर्षे बाटल्या-डबे वेचून मला शिकवले. पेय घेताना भरलेली अनामत रिकामी बाटली दिल्यावर परत मिळेल, अशी आपली योजना आली आणि आमच्या गल्लीत बाटली फेकणारा हात प्रथमच थांबला.

२. योजनेपूर्वी सलग चार रविवार मी दोनशे पावलांच्या गल्लीतील बाटल्या व डबे मोजले. सरासरी १८६. योजनेच्या सहाव्या रविवारी २३. गटार तुंबले नाही, काचेने कोणाचा पाय कापला नाही. तक्ता जोडला आहे. आपल्या नोंदीत मात्र त्या सहा आठवड्यांत वस्तीतून केवळ ४१ बाटल्या जमा झाल्या. दोन्ही आकडे बरोबर आहेत. उरलेल्या बाटल्या कुठे गेल्या, हे कोणी विचारले नाही. त्या आमच्या घरांत पोत्यांत भरून ठेवल्या आहेत.

३. भंगारवाला वजनावर घेतो, म्हणून प्लास्टिकची बाटली हाती आली की पायाखाली चेपायची, ही वस्तीची जुनी सवय. यंत्राला बारकोड सरळ दिसावा लागतो. चेपलेली बाटली ते परत ढकलते. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणतो, यंत्र सासूसारखे आहे, काहीही पुढे करा, नाक मुरडते. पण आत्याने मला आधीच विचारले होते, आता चेपायच्या की नाही? माहितीपत्रक न वाचता मी म्हणाले, चेप, पोत्यात चौपट मावतील. तिने ते शेजारणींनाही सांगितले, कारण मी शिकलेली.

४. पुढे आत्या एकेक बाटली धुऊन, ओठ लावून, फुंकून पुन्हा फुगवू लागली. दिवसाला चाळीसेक. दहांतली एखादी यंत्र घेई. तीन आठवड्यांपूर्वी तिला धाप लागली. ती रुग्णालयात आहे. फुफ्फुसे आधीपासून खराब होती, असे डॉक्टर सांगतात. बाटल्यांमुळे हे झाले असा माझा दावा नाही. तसा पुरावा नाही. तिच्याकडे फार दिवस नाहीत, एवढे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

५. यंत्र जाणार हे कळताच दोन घरांनी पोती गटारात रिकामी केली. गेल्या रविवारची मोजणी ९७. तरी यंत्र राहू द्यावे आणि आठवड्यातून दोन दिवस चेपलेल्या बाटल्या मोजून घेण्यास एक माणूस द्यावा. ‘अनास्था’ हा शब्दही नोंदीतून काढावा. अनास्था असलेली माणसे पोत्यांना घरात जागा देऊन स्वतः उंबऱ्याबाहेर झोपत नाहीत.

६. वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. आत्या रोज विचारते, “घेतल्या का गं त्यांनी?” काल मी सांगितले, सगळ्या घेतल्या. या प्रकरणात मी जाणूनबुजून बोललेले खोटे तेवढेच. ते तिच्या डोळ्यांदेखत खरे व्हावे, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार
दिनांक : १४